पोल्ट्रीच्या पाण्याला क्लोरीन डायऑक्साइड : नव्या शेडवाल्यांसाठी पायरीपायरीने

आमच्या दुसऱ्या बॅचला चौदाव्या दिवशी पातळ हगवण लागली. सुपरवायझरने दाणा पाहिला, तूस हातात घेऊन पाहिले, औषध लिहून दिले. औषध चालू असेपर्यंत बरे वाटायचे, बंद केले की पुन्हा तेच. शेवटी आमच्या नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, शेडच्या टोकाला जाऊन निपल लाइनचे, म्हणजे पाखरांना चोचीने दाबून पाणी मिळते त्या नळीचे, शेवटचे टोपण फिरवून काढले. आधी थोडे पाणी आले आणि मागून एक तपकिरी, बुळबुळीत गोळा सरकत बाहेर आला, गार झालेल्या पेजेवरची साय गोळा करावी तसा. नानांनी तो बोटांत चोळला आणि हात माझ्यापुढे धरून विचारले, "हे पितात होय पाखरं?"

त्या दिवशीही टाकीत सकाळीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली होती. टाकीच्या झाकणाशी क्लोरीनचा वास येत होता. दोनशे फुटांवरच्या शेवटच्या निपलला मात्र क्लोरीनचा मागमूस नव्हता. टाकीत काय टाकले याला फारसा अर्थ नसतो, शेवटच्या निपलला काय पोचले त्यालाच असतो, हे मला तिथे कळले. पुढचे सगळे लिहिणे त्याच एका गोष्टीभोवती आहे.

हे लिहिते आहे ते कंपनीशी करार करून ब्रॉयलर (मांसासाठीच्या कोंबड्या) वाढवणाऱ्या, पाच-दहा हजार पक्ष्यांच्या साध्या शेडवाल्यांसाठी. आमचे शेड संगमनेर तालुक्यात, बोअरच्या पाण्यावर. आकडे माझ्या शेडचे आहेत, तुमच्या लाइनची लांबी आणि टाकी वेगळी असेल. पण रीत तीच लागू पडते.

आधी थोडे समजून घ्या

क्लोरीन डायऑक्साइड हे क्लोरीनचे भावंड असले तरी स्वभाव वेगळा. हा पिवळसर-हिरव्या रंगाचा वायू आहे आणि तो पाण्यात वायू म्हणूनच विरघळून राहतो. ११ अंश सेल्सिअसच्या वर तो वायुरूपात जातो, आणि हवेत त्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेले तर स्फोट होऊ शकतो. म्हणून तो सिलिंडरमध्ये भरून विकता येत नाही. जिथे वापरायचा तिथेच, पाण्यात, लागेल तेवढा तयार करावा लागतो. बाटलीत मिळते ते बहुतेक वेळा सोडियम क्लोराइट असते, आणि सोबतच्या दुसऱ्या पुडीत किंवा बाटलीत आम्ल. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन डायऑक्साइड तयार होतो.

माणसांच्या नळाच्या पाण्यात तो बराच जुना आहे. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहराने १९४४ साली पाण्याला येणारा फिनॉलचा वास-चव घालवण्यासाठी तो वापरायला घेतला.

मग टीसीएल काय वाईट? वाईट नाही. स्वस्त आहे, गावोगाव मिळते, स्वच्छ आणि कमी पीएचच्या पाण्यात उत्तम काम करते. पण बोअरच्या पाण्याचा पीएच आठच्या आसपास असला की त्यातल्या क्लोरीनचा जेमतेम पाव भाग जंतू मारण्याच्या रूपात उरतो. शिवाय पाण्यात अमोनिया किंवा सेंद्रिय घाण असली की क्लोरीन तिच्याशीच झटापट करण्यात संपतो. क्लोरीन डायऑक्साइड पीएच ४ पासून १० पर्यंत सारखाच चालतो, अमोनियाशी त्याचे जवळजवळ काही घेणेदेणे नसते, आणि विरघळलेला वायू असल्यामुळे लाइनीच्या आतल्या बुळबुळीत थरात तो चांगला शिरतो. तो थर म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती बांधलेले घर. ब्रुडिंगमध्ये, म्हणजे पिल्ले लहान असताना ऊब देण्याच्या दिवसांत, शेड तापवलेले असते आणि पिल्ले पाणी थोडेच पितात. त्यामुळे पाणी लाइनीत तासन्‌तास कोमट पडून राहते आणि थर तिथेच झपाट्याने वाढतो.

हाताशी हवे ते

वस्तू:
– दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या बादल्या, फक्त याच कामासाठी. लोखंडी, पत्र्याची, अॅल्युमिनियमची कोणतीही वस्तू नको
– मिलिलिटरच्या खुणा असलेले प्लास्टिकचे मापपात्र, दोन बाटल्यांसाठी दोन
– ढवळायला प्लास्टिकचा दांडा
– डोळे पूर्ण झाकणारा चश्मा, रबरी हातमोजे आणि आम्लवायूंसाठीची कार्ट्रिज असलेला मास्क. नाकाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही
– क्लोरीन डायऑक्साइडच्या दोन प्रकारच्या पट्ट्या : रोजच्या पाण्यासाठी कमी आकड्याच्या, लाइन धुण्यासाठी मोठ्या आकड्याच्या
– पीएच पट्ट्या

कागद:
– मालाचे बिल आणि त्यावर बॅच नंबर
– उत्पादनाची सेफ्टी डेटा शीट, दुकानदाराकडून मागून घ्या
– पाण्याचा तपासणी अहवाल
– लसीकरणाचे वेळापत्रक, शेडच्या भिंतीवर
– शंभर पानी वही

वहीकडे दुर्लक्ष करू नका. पुढे तीच कामाला येते.

पायरी १ : पाणी तपासून घ्या

बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग औषधाला नावे ठेवतात. दोन नमुने द्या. एक बोअरचा, दुसरा शेवटच्या निपलचा. रासायनिक तपासणीत पीएच, एकूण कठीणपणा, लोह आणि मँगनीज पाहा, जंतूंच्या तपासणीत कोलिफॉर्म आणि ई. कोलाय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळते. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आसपास राहत असाल तर तिथेही चौकशी करा.

जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली घ्या. आपली धुतलेली बिसलेरीची बाटली चालत नाही. औषध चालू असलेल्या लाइनीचा नमुना असेल तर तसे आधी सांगा, म्हणजे ते बाटलीत सोडियम थायोसल्फेट घालून देतात. नाहीतर वाटेत औषध जंतू मारत राहते आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

लोह का पाहायचे? एक मिलिग्रॅम लोह साधारण १.२ मिलिग्रॅम क्लोरीन डायऑक्साइड खाऊन टाकते, आणि मँगनीज त्याच्या दुपटीने, सुमारे अडीच मिलिग्रॅम. पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम लोह असेल आणि तुम्ही एक पीपीएम, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, डोस दिला, तर पक्ष्यापर्यंत काहीच पोचत नाही. असे पाणी आधी उंच टाकीत धारेने पाडून हवा लागू द्या, गाळ बसू द्या, वाळूच्या फिल्टरमधून काढा. बादली थोडा वेळ ठेवल्यावर तळाला तांबूस थर बसतो का, ही घरची साधी खूण.

पायरी २ : आधी हाताने धुवा

कोणतेही औषध चिखल धूत नाही. बॅच गेली, खत निघाले की टाकी पूर्ण रिकामी करा, आत उतरून किंवा लांब ब्रशने घासा, तळाचा गाळ काढा. टाकीला झाकण नसेल तर औषधाच्या आधी झाकण घ्या. ऊन लागले की क्लोरीन डायऑक्साइड फुटतो, आणि वरून धो धो पडणाऱ्या पाण्याबरोबर हवेत उडून जातो. पाणी टाकीत पडते तो पाइप तळापर्यंत उतरवा, म्हणजे खळखळाट होत नाही.

मग एकेक लाइन टोपण उघडून जोराच्या पाण्याने धुवा. चारही लाइनी एकदम उघडल्या तर दाब वाटला जातो आणि कुठलीच नीट धुतली जात नाही. एक लाइन, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग दुसरी. फिल्टरची जाळी काढून ब्रशने घासा.

पाणी कठीण असेल तर लाइनीत पांढरा खर बसतो आणि जंतू त्या खरबरीत जागेत घर करतात. खर काढायला सायट्रिक अॅसिड वापरतात. पण ते काम वेगळ्या दिवशी करा आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने लाइन धुवून काढा. हायड्रोजन पेरॉक्साइडचेही तसेच. खर काढायचे आम्ल, पेरॉक्साइड, टीसीएल आणि क्लोरीन डायऑक्साइड यांपैकी कोणतीही दोन एका बादलीत किंवा एका लाइनीत एकत्र येऊ देऊ नका. "दोन्ही टाकले तर दुप्पट साफ होईल" असे मला एका दुकानदाराने सांगितले होते. ऐकले नाही, ते बरे झाले.

पायरी ३ : माल घेताना

दुकानात 'क्लोरीन डायऑक्साइड' या एकाच नावाखाली निरनिराळे माल असतात : दोन बाटल्यांचे किट, दोन पुड्यांची पावडर, गोळ्या, आणि 'स्टॅबिलाइज्ड' लिहिलेला एकाच बाटलीतला द्रव.

फसगत सगळ्यात जास्त या शेवटच्यात होते. 'स्टॅबिलाइज्ड क्लोरीन डायऑक्साइड ५ टक्के' असे लिहिलेल्या कॅनमध्ये प्रत्यक्षात बहुतेक करून सोडियम क्लोराइट असते. सोबतचा अॅक्टिव्हेटर, म्हणजे ते आम्ल, घातल्याशिवाय त्यातून क्लोरीन डायऑक्साइड अगदी थोडाच सुटतो. मी पहिला कॅन तसाच टाकीत ओतत होते, महिनाभर. पाणी बिनवासाचे, पट्टी कोरी, आणि मला वाटायचे पट्ट्याच खराब आहेत. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, अॅक्टिव्हेटर वेगळा मिळतो, तुम्ही मागितला नाही.

म्हणून विकत घेतानाच हे चार प्रश्न विचारा :
– अॅक्टिव्हेटर सोबत आहे का, आणि किती प्रमाणात घालायचा?
– मिसळल्यावर किती वेळ थांबायचे?
– तयार द्रावणाची ताकद किती, टक्क्यांत की पीपीएममध्ये?
– तयार झाल्यावर किती तासांत किंवा दिवसांत संपवायचे?

उत्तरे लेबलवर छापील नसतील तर तो माल घेऊ नका. आणि शब्द नीट वाचा. क्लोराइट, क्लोराइड आणि क्लोरेट ही तीन वेगळी रसायने आहेत. सोडियम क्लोराइड म्हणजे घरातले मीठ.

पायरी ४ : द्रावण तयार करणे

जागा : शेडच्या बाहेर, सावलीत, वारा खेळता. आत पक्षी असताना शेडमध्ये कधीही नाही. हा वायू हवेपेक्षा दुपटीहून जड असतो, तो खाली बसतो, आणि पिल्ले जमिनीवरच असतात. पाठीमागून वारा येईल असे उभे राहा. लहान मुले, कुत्री, शेळ्या लांब. चश्मा, हातमोजे, मास्क आधी घाला, मग बाटल्यांची झाकणे उघडा.

क्रम : बादलीत आधी साधे स्वच्छ पाणी, लेबलवर सांगितले तेवढे. मग त्यात पहिला भाग, मग दुसरा. पावडर असेल तर पाण्यात पावडर टाकायची, पावडरवर पाणी ओतायचे नाही. दोन्ही भाग पाण्याशिवाय एकमेकांत ओतणे ही सगळ्यात धोक्याची चूक. त्यातून एकदम दाट वायू उसळतो.

झाकण सैल ठेवा, घट्ट लावू नका. लेबलवर लिहिलेला वेळ घड्याळ लावून थांबा. पाणी हळूहळू लिंबाच्या सरबतासारखे, मग गडद पिवळे होते. हा रंग म्हणजे तयार झाल्याची खूण. अॅक्टिव्हेटर जुना झाला असेल तर रंग फिकाच राहतो. असे द्रावण वापरू नका.

वास घेऊन पाहण्याचा मोह टाळा. अमेरिकेत कामाच्या जागी हवेतली मर्यादा आठ तासांसाठी ०.१ पीपीएम आहे. म्हणजे नाकाला वास जाणवला की हद्द गाठली असेच धरा आणि मागे सरा. घसा खवखवला, खोकला आला तर काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत जा.

पायरी ५ : हिशेब

भीती इथेच वाटते, पण गणित चौथीतले आहे. एक पीपीएम म्हणजे हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम. सूत्र एवढेच :

लागणारे मिलि = टाकीतले लिटर × हवे असलेले पीपीएम ÷ द्रावणाचे पीपीएम × १०००

माझे तयार द्रावण ०.३ टक्के, म्हणजे ३००० पीपीएमचे असते. १००० लिटरच्या टाकीला एक पीपीएम द्यायचा तर १००० × १ ÷ ३००० × १००० = ३३३ मिलि. द्रावण २ टक्क्यांचे असते तर तेवढ्याच टाकीला ५० मिलि पुरले असते. कंपनी बदलली, ताकद बदलली आणि माप जुनेच राहिले तर एकतर पक्षी पाणी सोडतात, नाहीतर औषध फुकट जाते. म्हणून नवा डबा उघडला की वहीत नवा हिशेब.

पाण्याच्या दाबावर चालणारा डोसर, म्हणजे बादलीतले औषध ओढून लाइनीत आपोआप मिसळणारे यंत्र, लावला असेल तर त्याचे प्रमाण पाहा. तो १ टक्क्यावर असेल, म्हणजे १०० लिटरला एक लिटर ओढत असेल, तर डोसरच्या बादलीतले पाणी शंभर पट तीव्र हवे. एक पीपीएमसाठी १०० पीपीएमची बादली. २० लिटरच्या बादलीला २० × १०० ÷ ३००० × १००० = ६६७ मिलि. वीज जात-येत असते अशा भागात हाच डोसर बरा. विजेचा पंप बंद पडलेला कधीकधी दुसऱ्या दिवशी लक्षात येतो.

लाइनीत किती पाणी मावते तेही काढून ठेवा. आतला व्यास २० मिलिमीटर असेल तर एका फुटाला साधारण ९५ मिलि, म्हणजे २०० फुटांच्या लाइनीत १९ लिटर. चार लाइनींचे ७६.

पायरी ६ : रिकाम्या शेडमध्ये लाइन धुणे

हे प्रत्येक बॅचच्या मध्ये एकदा. मी २० पीपीएमने करते. तुमच्या मालाच्या लेबलवर वेगळा आकडा असेल तर तो धरा. निपल बनवणाऱ्याचाही सल्ला घ्या, कारण फार तीव्र पाणी फार वेळ ठेवले तर आतले रबर कडक होते.

माझ्या चार लाइनींसाठी १२० लिटर पाणी ड्रममध्ये घेते : १२० × २० ÷ ३००० × १००० = ८०० मिलि. लाइनीतले ७६ आणि बाकीचे टाकीपासूनच्या पाइपात मुरते. टोपण उघडे ठेवून पाणी सोडायचे आणि शेवटच्या टोकाला पट्टी धरायची. सुरुवातीला पट्टी कोरी असते, कारण आधीचे साधे पाणी बाहेर पडत असते. रंग चढला की टोपण बंद. मग काठीने किंवा हाताने प्रत्येक निपल हलवत शेडभर फिरा, म्हणजे औषध पिनेपर्यंत पोचते. आमच्याकडे हे काम नाना करतात, एकही निपल सोडत नाहीत.

लेबलवरचे तास झाले की पुन्हा शेवटच्या टोकाला पट्टी लावा. रंग टिकला असेल तर लाइन स्वच्छ आहे. पार कोरी आली तर आतल्या थराने सगळे खाल्ले, म्हणजे काम अर्धेच झाले. पाणी काढा, पुन्हा भरा. त्या दुसऱ्या बॅचनंतर मला तीनदा भरावे लागले होते. तिसऱ्या वेळी टोपण काढले तेव्हा तो तपकिरी थर चिंध्या-चिंध्या होऊन वाहत होता, बादलीत गाळून पाहिले तर ओंजळभर निघाला.

शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुवा. हे धुण्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडा. विहिरीजवळ, ओढ्यात, शेततळ्यात नको, मासे मरतात. पिल्ले येण्याआधी पट्टी कोरी असल्याची खात्री करा.

पायरी ७ : पक्षी असताना रोजचा डोस

लक्ष्य : शेवटच्या निपलला ०.३ ते ०.८ पीपीएम. माणसांच्या पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची कमाल मर्यादा ०.८ आहे, मी पक्ष्यांसाठीही तीच वरची रेघ धरते. वापरलेल्या क्लोरीन डायऑक्साइडचा अर्ध्याहून जास्त भाग पाण्यात क्लोराइट होऊन राहतो आणि ते जास्त झाले तर रक्तातल्या तांबड्या पेशींना बाधते. त्यामुळे "थोडे जास्त टाकले तर काय बिघडते" हे इथे लागू नाही.

सुरुवात टाकीत ०.५ पीपीएमने करा, तासाभराने शेवटच्या निपलला मोजा. कमी आले तर थोडे वाढवा. पहिले दोन दिवस पाण्याचा खप वहीत लिहा. पक्षी साधारण दाण्याच्या दीडपट ते दुप्पट पाणी पितो, उन्हाळ्यात आणखी जास्त. खप अचानक घटला तर डोस आधी कमी करा, मग कारण शोधा.

पाण्यातून व्हिटॅमिन किंवा प्रतिजैविक द्यायचे असेल त्या वेळी डोसर बंद ठेवा. क्लोरीन डायऑक्साइड त्यांचीही वासलात लावतो.

पायरी ८ : मोजणे

मोजायचे शेवटच्या निपलला, रोज, एकाच वेळी. आधी थोडे पाणी जाऊ द्या, मग कपात घ्या आणि लगेच पट्टी बुडवा. कप उन्हात ठेवून फोनवर बोलत बसलात तर आकडा खाली येतो. पट्ट्यांची मुदत पाहा, डबी घट्ट बंद ठेवा. ब्रुडरजवळच्या दमट हवेत उघडी राहिलेली डबी चार दिवसांत निकामी होते.

पट्ट्या संपल्या आणि हाताशी क्लोरीन मोजायचे डीपीडी किट असेल तर तेही चालते. पाण्यात दुसरा क्लोरीन नसेल तर मुक्त क्लोरीनच्या आकड्याला १.९ ने गुणा. ०.३ आला तर क्लोरीन डायऑक्साइड ०.५७. पण टीसीएलही टाकलेले असेल तर हा आकडा खोटा येतो. अशा वेळी आधी ग्लायसिन घालून क्लोरीन दडपावा लागतो.

पायरी ९ : लसीचा दिवस

चौथ्या बॅचला मी फार मोठी किंमत मोजून शिकले ते हे. रानीखेत आणि गंबोरो या कोंबड्यांच्या रोगांवरची पाण्यातून दिली जाणारी लस जिवंत विषाणूची असते. जंतू मारायला ठेवलेले औषध लसीतला विषाणूही मारते. त्या दिवशी मी लस टाकीत टाकली, आणि डोसर चालूच राहिला. पुढे गंबोरो आला. सुपरवायझर आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "वहिनी, लस दिली तेव्हा डोसर बंद होता का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. रोज सकाळी पाटीभर मेलेली पाखरे उचलताना मला तो प्रश्न ऐकू यायचा.

आता आमच्याकडे क्रम ठरलेला आहे :
– लसीच्या ४८ तास आधी डोसर बंद. नुसता बंद नाही, नळी काढून खुंटीवर टांगायची
– टाकी आणि लाइन साध्या पाण्याने धुवायची
– लसीच्या सकाळी शेवटच्या निपलला पट्टी. पूर्ण कोरी असेल तरच पुढे
– पक्ष्यांना थोडा वेळ तहानलेले ठेवायचे. उन्हाळ्यात हा वेळ कमी, सुपरवायझर सांगेल तेवढाच
– पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर, म्हणजे १०० लिटरला पाव किलो. १५-२० मिनिटांनी लस. दूध उरलासुरला क्लोरीन पकडून ठेवते
– लसीनंतर २४ तासांनी डोसर पुन्हा चालू

वेळापत्रकावर लसीच्या तारखेच्या दोन दिवस आधी लाल पेनने 'नळी काढा' असे लिहा. शेडवर कामाला येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवा.

पायरी १० : साठवण, सांडणे, अपघात

दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या ठेवा, एकाच फळीवर शेजारी नाही. सावलीत, कुलपात, दाण्यापासून लांब.

सोडियम क्लोराइट तुसावर, पोत्यावर, भुशावर किंवा कपड्यावर सांडले आणि तिथेच वाळले तर ते पेट घेऊ शकते, साध्या घर्षणानेही. पोल्ट्रीत तर सगळीकडे तूसच असते. आमच्याकडे कॅनखाली एक रिकामे पोते अंथरलेले असायचे, गळती शोषायला म्हणून. हे कळल्यावर ते मी त्याच दिवशी उचलले, पाण्यात बुडवून ठेवले, आणि कॅन प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवला. सांडले तर लगेच भरपूर पाणी ओता, वाळू देऊ नका. पुसायला फडके, भुसा, राख काही नको. अंगावरचे कपडे ओले असतानाच धुवा.

डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि डॉक्टरांकडे जा. जाताना लेबल सोबत न्या. छातीत जळजळ, दम लागणे हे काही तासांनीही वाढू शकते. म्हणून "आता बरे वाटते" म्हणून घरी बसू नका.

आणखी एक, पोल्ट्रीच्या पलीकडचे. हेच द्रावण 'मिरॅकल' थेंब म्हणून कॅन्सरपासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर पिण्याचे सल्ले फोनवर फिरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये याविरुद्ध इशारा दिला. तयार द्रावण पिणे म्हणजे पोटात ब्लीच घेणे. आमच्या वाडीत एका आजीबाईंना कुणीतरी सांधेदुखीसाठी थेंब घ्यायला सांगितले होते, आणि त्या माझ्याकडेच मागायला आल्या. मी त्यांना समोर बसवले, रिकाम्या कॅनवरचे धोक्याचे चिन्ह दाखवले, आणि मुलाला फोन करून डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. तुमच्या शेडमध्ये हा कॅन आहे हे गावाला कळले की तुमच्याकडेही कुणी येईल. एक थेंबही देऊ नका.

वहीत रोज काय लिहायचे

तारीख, बॅचचा दिवस, पाण्याचा खप, द्रावण किती मिलि, शेवटच्या निपलचा आकडा, डोसर चालू की बंद, मर. एका ओळीत मावते.

आकडा दोन दिवस सलग ०.३ च्या खाली आला तर आधी डोसरची बादली आणि नळी पाहा, मग द्रावण कधी बनवले ती तारीख, मग फिल्टर, मग टाकीचा तळ. या क्रमानेच. आमच्याकडे दहापैकी आठ वेळा बादली रिकामी किंवा द्रावण शिळे हेच निघते. चारही ठीक असतील तर शेवटचे टोपण काढा आणि बोट आत फिरवून पाहा. बोट घसरले तर पुढच्या दोन बॅचच्या मध्ये पायरी ६ दोनदा करायची, आणि तोवर रोज संध्याकाळी लाइन साध्या दाबाने दोन मिनिटे वाहू द्यायची.